डेन्मार्कला गेलेला मान

दादा गेल्यानंतरचे आठवडे मी डेन्मार्कच्या उमरावांविषयी वाचत काढले. दुसरं काही वाचवतच नव्हतं. वर्तमानपत्र उघडलं की अक्षरं सरकायची. कुराण उघडलं की दादाचा पहाटेचा आवाज कानात यायचा आणि मी ते मिटून ठेवायचो. सौदीतल्या जुबैलच्या माझ्या खोलीत एसी लावला की हुडहुडी भरायची, बंद केला की श्वास कोंडायचा. मी खिडकीपर्यंत जायचो, परत यायचो, पुस्तक उशीवरून खुर्चीवर ठेवायचो, आणि थोड्या वेळाने तेच पान पुन्हा उघडायचो.

त्या पानावर एका थडग्याचं चित्र होतं. दगडात कोरलेले नवराबायको, दोघांचे हात जोडलेले, आणि चौकटीसारख्या भोवताली छोट्या छोट्या ढाली. प्रत्येक ढाल म्हणजे एक पूर्वज. कुणाच्या ढालीवर तारा, कुणाच्या ढालीवर रानडुक्कर, कुणाच्या नुसत्या तिरक्या पट्ट्या. दोघांपैकी कुणाच्याही रक्तात हलकं काही नाही, असं येणाऱ्याजाणाऱ्याला दगडाने सांगावं, म्हणून एवढी कोराकोरी. मी ते चित्र बघायचो आणि मला दम्मामचं कब्रस्तान दिसायचं. वाळूचे एकसारखे उंचवटे, डोक्याशी एक ओबडधोबड दगड. त्यातल्या एका उंचवट्याखाली माझा भाऊ.

पुस्तक माझं नव्हतं. ते आमच्या प्लँटवर पंपांच्या कामासाठी येणाऱ्या एका डेन्मार्कच्या इंजिनियरचं होतं. दादा पाइपिंग फोरमन, त्यामुळे प्लँट दुरुस्तीसाठी बंद ठेवतात त्या शटडाउनच्या दिवसांत दोघं सतत बरोबर असायचे. मी ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर. नकाशे, त्यांच्या सुधारित आवृत्त्या, कोणता रद्द, कोणता चालू, हे सांभाळणारा. हा साहेब नकाशा मागायला यायचा आणि माझ्या टेबलावरचं मराठी पुस्तक उलटंसुलटं करून बघायचा. एक सवय मात्र त्याची विचित्र होती. दारातून तो कधीच कुणाच्या आधी जायचा नाही. मदतनीस असो, मॅनेजर असो, चहावाला असो, तो दार धरून उभा राहायचा आणि सगळ्यात शेवटी आत यायचा. त्याच्यामुळे मीटिंगा उशिरा सुरू व्हायच्या. दादा हसायचा, "हा गोरा एक दिवस दारातच म्हातारा होणार."

शेवटी मी विचारलंच. तेव्हा त्याने सांगितलं की तो उमराव घराण्यातला आहे. सांगताना त्याने असा चेहरा केला, जणू घरात कुणाला तरी असलेला जुना आजार सांगतोय.

"म्हणजे काउंट? बॅरन?" मी विचारलं.

"छे," तो जवळजवळ रागावला. "ते फार नंतरचे."

मग दर भेटीत थोडं थोडं करत त्याने मला सगळं सांगितलं, आणि पुढच्या सुट्टीहून येताना इंग्रजीतलं ते जाड पुस्तक आणलं. गोष्ट अशी होती. मध्ययुगात तिथल्या राजाला लढाईसाठी घोडा, चिलखत आणि माणूस हवा असायचा. जो स्वतःच्या खर्चाने हे घेऊन हजर होईल, तो राजाचा माणूस, आणि त्याच्या जमिनीला सारा माफ. एवढीच सुरुवात. आधी हजेरीबद्दल माफी होती. मग बापाची माफी मुलाला मिळू लागली, आणि पुढे हजर न राहताही मिळू लागली. काही पिढ्यांत लोक विसरले की हे कशाच्या बदल्यात होतं. राहिलं ते फक्त रक्त. आडनावंसुद्धा त्यांना उशिरा आली. एका राजाने हुकूम काढला की उमरावांनी कायमची नावं घ्यावीत, तेव्हा पुष्कळांनी आपापल्या ढालीवर काय रंगवलंय ते बघून नाव घेतलं.

कित्येक पिढ्या राजा निवडायचा तोही त्यांनीच, आणि निवडण्याआधी त्याच्याकडून आपल्या हक्कांचं वचन लिहून घ्यायचं. मग लढायांमध्ये देश खंक झाला, शहरातले व्यापारी आणि पाद्री राजाच्या बाजूने गेले, आणि राजा वंशपरंपरेने सर्वसत्ताधीश झाला. त्याने दरबारात कोण कुणाच्या पुढे उभं राहील याची क्रमवारीच काढली. तीत जुन्या घराण्यात जन्मण्यापेक्षा राजाने दिलेलं पद वर. काउंट आणि बॅरन ही नवी झूल त्याच काळातली. ज्यांना राजाने सनद देऊन वर घेतलं, ते सनदी उमराव. आणि ज्यांची सनद सापडतच नाही, कारण सनदा देण्याची पद्धत पडण्याआधीपासून ते होते, ते मूळचे. या मूळच्यांना त्या सनदी लोकांविषयी जे वाटायचं, ते त्या साहेबाच्या "ते फार नंतरचे" या तीन शब्दांत मी ऐकलं होतं.

"म्हणजे कागद नसणं हाच मोठेपणा?" मी म्हटलं.

"तुम्ही कागद सांभाळता, म्हणून तुम्हाला आश्चर्य वाटतं," तो म्हणाला.

मला आश्चर्य वाटलं नव्हतं. मला माझं घर आठवलं होतं.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातलं, खोताचं. खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणारा, आणि त्या बळावर गावाचा मालक होऊन बसलेला. कुळांनी नांगरणीचा पहिला दिवस खोताच्या शेतावर फुकट राबायचं. घरावरून जाताना चपला हातात घ्यायच्या. स्वातंत्र्यानंतर कायदा झाला आणि खोती गेली. तेव्हा अब्बा शाळकरी होते. जमिनी कसणाऱ्यांकडे गेल्या, जे अगदी बरोबर झालं, असं दादा आणि मी दोघंही मानायचो. अब्बांसमोर नव्हे. त्यांच्या हातात राहिला तो मान. पिराच्या उरुसाला संदल, म्हणजे चंदनाच्या लेपाची मिरवणूक, निघतो तो आमच्या ओट्यावरून. कब्रस्तानात मशिदीला लागून पहिली रांग आमची. आणि गावजेवणात देग, म्हणजे भाताचा मोठा हंडा, उघडली की पहिली रकाबी खोताच्या माणसापुढे. त्याने बिस्मिल्ला म्हणून पहिला घास घेतला, की मग बाकीच्यांनी हात घालायचा.

आमचे पूर्वज अरबस्तानातून गलबतात बसून आले, असं अब्बा सांगतात. कागद नाही, अर्थातच. इथे आल्यावर त्या गोष्टीची फार गंमत व्हायची. दादा म्हणायचा, "आपण आपल्या घरी परत आलोय रे. फक्त कफीलला, आपल्या इथल्या मालकाला, ते कुणी सांगितलेलं नाही." इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, आम्ही साधे हिंदी. एकदा एका सौदी सुपरवायझरला त्याने खरंच सांगून पाहिलं की आम्ही मूळचे अरब. त्याने दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "यल्ला, हबीबी, व्हॉल्व्ह बदल."

दादा आठवडाभर जुबैलच्या कँपमध्ये राहायचा. भाभी आणि माझी पुतणी दम्माममध्ये. कँपात आमच्या गावची आणि आसपासच्या गावांची बरीच माणसं होती. फिटर, वेल्डर, परांची बांधणारे स्कॅफोल्डर. आणि एक बावर्ची, ज्याचं घर आमच्या घराचं जुनं कूळ. आठवड्यातून एकदा ते सगळे मिळून स्वतःचं जेवण करायचे. आकणी, म्हणजे आमच्याकडचा मटणाचा भात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा थक्क झालो. बावर्चीने देगचीचं झाकण काढलं आणि पहिली रकाबी दादापुढे ठेवली. बाकीचे हात आवरून बसलेले. यातले दोघे हुद्द्याने दादापेक्षा वर होते.

"काय खोतसाहेब, घ्या लवकर," एक वेल्डर म्हणाला. "तुमच्या बापजाद्यांनी आमचं धान्य नेलं, तुम्ही भात तरी थंड करू नका."

"धान्य चांगलं नव्हतं," दादा म्हणाला. "दगड फार होते."

"ते मुद्दाम घातलेले," बावर्ची मागून म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. मग दादाने घास घेतला, आणि मगच हात पडले.

मी दादाला नंतर विचारलं, "तू हे चालू कशाला देतोस?"

"मी कुठे चालवतोय? मी नको म्हटलं तर बावर्चीच रागावतो. म्हणतो, आम्ही इथे कोण मग?"

उमरावांच्या गोष्टी मी दादाला सांगायचो आणि तो त्या कँपात सांगायचा. तिथल्या शेतकऱ्यांना एके काळी ज्या जहागिरीत जन्मले ती सोडून जायला बंदी होती, हे ऐकल्यावर स्कॅफोल्डर म्हणाला, "म्हणजे पासपोर्ट मालकाकडे." आता इथले नियम पूर्वीपेक्षा सैल झालेत, पण तो जुना माणूस. गोऱ्या साहेबाचीही जमीन गेली, हे कळल्यावर मात्र सगळ्यांनी ती कशी गेली ते विचारलं. तिथे आधी राज्यघटना आली आणि उमरावांचे खास हक्क संपले. पुढे पहिल्या महायुद्धानंतर मोठ्या जहागिरी मोकळ्या करण्याचा कायदा आला. सरकारला जमिनीचा आणि पैशाचा हिस्सा द्यायचा, उरलेलं साध्या मालकीचं, विकता येणारं. त्यावर लहान शेतकरी बसवले गेले. आज तिथे उमराव म्हणजे निव्वळ नाव. साहेब म्हणायचा, "काही लोक अजून मला जेवायला बोलावतात, आणि मी काटा कसा धरतो ते बघत बसतात."

दारांचं कारणही त्याने याच ओघात सांगितलं. एका नातेवाइकाच्या लग्नात त्याच्या बापाला जेवणघरात जाताना कुणा काउंटच्या मागे चालायला लावलं. घराणं आपलं जुनं, आणि पुढे हा सनदी. बाप तिथूनच परत फिरला आणि मरेपर्यंत त्या नातेवाइकाशी बोलला नाही. "तेव्हा मी ठरवलं, आपण शेवटी जायचं," तो म्हणाला. "शेवटच्या माणसाशी कुणी भांडत नाही."

दादा दम्मामच्या हॉस्पिटलात वारला. हृदय. सकाळी ऑफिसात फोन आला तेव्हा मी एक रद्द नकाशा बाजूला काढत होतो. तो कागद किती वेळ हातात होता, ठाऊक नाही.

अब्बांचं म्हणणं एकच होतं. पाठवा त्याला. पहिल्या रांगेत त्यांनी स्वतःची जागा ठरवलेली आहे, आणि तिच्या शेजारची रिकामी जागा दादासाठी धरून ठेवलेली. भाभीला इथेच दफन हवं होतं. पाठवायचं म्हणजे परवानग्या, शवागार, विमानाचा माल. तोपर्यंत त्याला थंड कपाटात ठेवायचं हे तिला सहन होईना. आणि तिचं, मुलीचं आयुष्य इथे. दादा स्वतः काही बोललेला नव्हता. भाभी आणि पुतणी दोघीही माझ्याकडे बघत होत्या. मी इथेच म्हटलं.

अब्बांना फोन केला. ते म्हणाले, "खोताचा मुलगा. नावाशिवाय. परक्यांच्या मधोमध." आणि फोन बहिणीच्या हातात दिला. गावी त्यांना तीच सांभाळते. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. मी रोज फोन करायचो. बहीण म्हणायची, "भाई, अब्बा ओट्यावर बसलेत." मग फोन त्यांच्यासमोर धरायची. मला कावळे ऐकू यायचे, खाडीवरच्या बोटीचं इंजिन ऐकू यायचं, अब्बांचा खोकला ऐकू यायचा. ते बोलायचे नाहीत. नव्वदीला टेकलेला माणूस. माझ्याशी न बोलता ते गेले तर, या विचाराने मी खिडकी आणि खुर्ची यांच्यामध्ये फिरत राहायचो. साहेबाच्या बापाची गोष्ट पुन्हा पुन्हा आठवायची. माणसं खरंच मरेपर्यंत बोलत नाहीत.

चाळिसाव्याचं जेवण आम्ही दम्मामच्या बाहेर एका इस्तराह्यात ठेवलं. इस्तराहा म्हणजे मेजवानीसाठी भाड्याने मिळणारी जागा, अंगण आणि लांबलचक हॉल. इथे चाळिसावा करणं चालत नाही, म्हणून त्याला नुसतं जेवण म्हणतात. शुक्रवारची नमाज आटोपून कँपातली सगळी माणसं कंपनीच्या बसने आली. बायका आतल्या खोलीत होत्या. साहेब दादाच्या दफनाच्या वेळी डेन्मार्कला होता. परत आल्यावर त्याने विचारलं, मी येऊ का? मी ये म्हटलं. तो आला, बूट काढले, सगळे आत जाईपर्यंत दार धरून उभा राहिला आणि दाराजवळच, चपलांच्या ढिगाशेजारी, मांडी घालायचा प्रयत्न करत बसला. त्याच्याकडे गाडी नव्हती, म्हणून मीच त्याला आणलं होतं, आणि त्याच्या शेजारीच बसलो.

बावर्चीने देग उघडली. वाफ वर गेली. त्याने पहिली रकाबी भरली, वर हाडाचा मोठा तुकडा ठेवला, आणि ती दोन्ही हातांनी आणून माझ्यापुढे ठेवली.

मी त्याचा विचारच केला नव्हता. दादा नाही म्हणजे मी, हे सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून. मी भाताकडे बघितलं. तो हाडाचा तुकडा दादाला फार आवडायचा. तो ते हाड रकाबीच्या काठावर ठोकून त्यातला मगज काढायचा, आवाज करून, आणि भाभी चिडायची. माझा हात पुढे होईना. एवढी माणसं थांबलेली, भात निवतोय, आणि माझा हात होईना. शेजारी पाहुणा बसलेला. मी रकाबी उचलली आणि त्याच्यापुढे धरली.

"तुम्ही घ्या," मी म्हटलं.

"नाही, नाही," तो म्हणाला. "तुम्ही आधी."

"घ्या."

"मी नेहमी शेवटी घेतो."

मी रकाबी मागे घेतली नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि रकाबी घेतली.

काय झालं ते मला तेव्हा कळलं. आमच्याकडे मानाची रकाबी स्वतःच्या हाताने दुसऱ्याला दिली, तर मान त्याला जातो. सगळ्यांसमोर दिली तर परत मागता येत नाही. पलीकडच्या गावच्या एका घराने जावयाला अशी रकाबी दिली होती, आणि नातवंडं अजून एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. साहेब घास हातात धरून बसला होता. सगळे आपल्याकडे बघतायत आणि काहीतरी करायला हवं, एवढं त्याला समजलं होतं, काय ते नव्हतं. तेवढ्यात देगेजवळून बावर्चीचा आवाज आला, मोठा, खडा, "बिस्मिल्ला." साहेबाने घास तोंडात घातला. मग हळूहळू सगळ्यांचे हात पडले.

"खोतांनो," स्कॅफोल्डर घास चावत म्हणाला, "दिलात ना? आता मागायचा नाही हं."

"मान डेन्मार्कला गेला," वेल्डर म्हणाला. "आता संदल बर्फातून न्यायचा. स्वेटर घ्या सगळ्यांनी."

हसू झालं. पण ते कँपातलं हसू नव्हतं. एका म्हाताऱ्या फिटरने जेवण होईपर्यंत माझ्याकडे बघितलंच नाही. मी काय खाल्लं आठवत नाही. हॉलमध्ये इतके फोन होते, त्यामुळे ही गोष्ट हात धुवायच्या आधी आमच्या गावात पोचणार, हे मला कळत होतं. अब्बांशी बोलण्याची जी काही आशा होती, ती मी माझ्या हाताने एका पाहुण्याच्या मांडीवर नेऊन ठेवली होती.

निघताना पुतणी बाहेर आली. "चाचू, इतना क्या हो गया? एक प्लेट ही तो थी." तिचे डोळे सुजलेले होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

गाडीत मी साहेबाला सगळं सांगितलं.

"मी आयुष्यभर हे टाळलं," तो म्हणाला. "आणि तुम्ही माझ्या हातात दिलंत."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"वाईट याचं वाटतं की हा मान माझ्याबरोबर संपेल. माझ्या घरी सगळं माझ्याबरोबरच संपतं." त्याला दोन मुली आहेत. त्या जन्माने उमराव, पण त्यांची मुलं उमराव ठरणार नाहीत. नियम तसा. पूर्वी घराण्यातला शेवटचा पुरुष मेला की त्याच्या दफनाच्या वेळी ढाल मोडायचे, असं त्याने सांगितलं. मोठ्याने नाव घ्यायचे, म्हणायचे की आज आहे आणि पुन्हा कधी नाही, आणि ढाल मोडून त्याच्याबरोबर द्यायचे. "आता कुणी मोडत नाही. ढालच नाही. मुलींनी ते चित्र कॉफीच्या कपांवर छापून घेतलंय."

मला घरी जायचं नव्हतं. वाटेत कब्रस्तान लागतं. मी विचारलं, थोडं थांबू का? तो म्हणाला, तुम्ही जा, मी भिंतीबाहेर उभा राहतो.

आत ऊन पांढरं होतं. दफनाच्या दिवशी मी खूण धरून ठेवली होती. भिंतीतला नळ, तिथून सरळ, मग सगळ्यात शेवटचा ताजा उंचवटा. आता तो शेवटचा राहिला नव्हता. रांग पुढे गेली होती, तिच्यापुढे आणखी रांगा उघडल्या होत्या. हा असेल, की त्याच्या पुढचा? दगड सगळे सारखे. मी दोन उंचवट्यांच्या मध्ये येऊन थांबलो. तेवढ्यात फोन वाजला. बहीण होती.

"भाई, काय केलंस तू?" ती कुजबुजली. "अब्बा उठून बसलेत. फोन मागतायत." आणि खडखड झाली.

"कोण होता तो?" अब्बांचा आवाज. सलाम नाही, काही नाही.

"दादाबरोबर काम करायचा. डेन्मार्कचा."

"खानदानी आहे?"

"आहे. राजाच्या पदरचे सरदार होते. फार जुने."

"कशावरून?"

"कागद सापडत नाही इतके जुने."

"हं." हे त्यांना पटलं. "जमीन?"

"गेली. कायदा आला."

"तिकडेही?" त्यांचा आवाज जरा बदलला. "मुलगे किती?"

"नाहीत. दोन मुली."

"अरेरे. बिचारा." मग खोकला. "बिस्मिल्ला कुणी म्हटली? त्याला काय येणार!"

"बावर्चीने."

मला वाटलं, संपलं. आता फोन बहिणीकडे जाणार.

"त्या बावर्चीच्या बापाने माझ्या बापापुढे कधी तोंड उघडलं नव्हतं," ते म्हणाले. "तू उघडायला हवं होतंस."

"हो, अब्बा."

"बरं झालं, तो होता. नाहीतर माणसं उपाशी बसली असती." बोटीचं इंजिन जवळ येऊन लांब गेलं. "आत्ता कुठे आहेस?"

"कब्रस्तानात."

"त्याच्याजवळ?"

"जवळपास. नक्की कळत नाही, अब्बा. नवी दफनं झालीत. दगड सगळे सारखे आहेत."

"रांग पहिली आहे?"

"नाही. मधली कुठलीतरी."

"शेजारी कोण आहे?"

"ठाऊक नाही. इथे कुणाचंच नाव लावत नाहीत. राजांचंही नाही."

"राजाचंही?"

"राजाच्या डोक्याशीही असाच दगड असतो."

ते इतका वेळ बोलले नाहीत की मी फोन कानापासून काढून बघितला. चालू होता.

"नक्की कळत नसेल तर सगळ्यांसाठी फातिहा पढ," ते म्हणाले. "त्यातच तोही येईल." मग थोडं थांबून, "इथली माझ्या शेजारची जागा मी कुणाला दिलेली नाही. ती आता तुझी." हे त्यांनी देऊ केलं की बजावलं, मला कळलं नाही. अजूनही कळत नाही. "आणि त्या गोऱ्याकडून मान मागून घेऊ नकोस. दिलेलं मागायचं नसतं. खुदा हाफिज."

फोन बहिणीकडे गेला नाही. त्यांनी स्वतःच ठेवला.

भिंतीबाहेर साहेब उन्हात उभा होता, गाडीचं दार धरून, जणू मी यायच्या आधी आत बसलं तर कुणाचा तरी अपमान होईल. मी हात वर करून त्याला थांबायला सांगितलं. डावीकडे नळाकडे जाणाऱ्या रांगा होत्या, उजवीकडे नुकत्या उघडलेल्या, समोर तारेच्या कुंपणापर्यंत आणखी. सगळ्यांसाठी पढायचं म्हणजे कुठूनतरी सुरुवात करायला हवी होती. पहिली रांग कोणती, ते मला कळेना. मग मी जिथे उभा होतो तिथूनच सुरुवात केली.